वाचक विचारतात : टेलेक्सचं मशीन अक्षर पलीकडे पोचवायचं कसं?

जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तार बंद झाली, त्याबद्दल मागच्या अंकात लिहिताना जाता जाता टेलेक्सचं नाव घेतलं होतं. टेलेक्स म्हणजे एका ऑफिसातल्या मशीनवर टाइप केलेलं तारेवरून दुसऱ्या ऑफिसातल्या मशीनवर छापून देणारी सेवा, आणि ते टाइप करणारं-छापणारं मशीन म्हणजे टेलिप्रिंटर. पत्रं मात्र तारेपेक्षा टेलेक्सवरच जास्त आली. अर्ध्या लोकांनी ते मशीन पाहिलंय पण आत काय चालायचं ते कधी विचारलं नाही, आणि उरलेल्या अर्ध्यांनी फक्त जुन्या लेटरहेडवर नाव वाचलंय. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यावरच. मी या मशीनच्या दुरुस्तीत बरेच हात काळे केलेत, त्यामुळे कुठे वाहवत गेलो तर सांभाळून घ्या.

प्रश्न (सांगलीहून एक कॉलेज विद्यार्थिनी) : आजोबा मुंबईत एका एक्स्पोर्ट कंपनीत होते. त्यांच्या लोखंडी पेटीत पिवळट कागदी पट्टीची गुंडाळी सापडली, तिला सगळीकडे भोकं आहेत. बारीक भोकांची एक अखंड ओळ आहे, तिच्या एका बाजूला मोठ्या भोकांच्या दोन ओळी आणि दुसऱ्या बाजूला तीन. हे काय आहे? एका जागची भोकं लिहून पाठवते, दोनच्या बाजूकडून मोजलीयेत : आधी बऱ्याच रांगांत पाचही भोकं, मग १-४-५, मग ४-५, मग ३-४-५, मग परत १-४-५, मग १-२, मग १-३-५, मग फक्त ३, मग १-२-४-५, मग फक्त ५, आणि मग तीन वेळा २-३-५.

उत्तर : वा! तू योग्य बाजूने मोजलंस म्हणून माझं अर्धं काम झालं. हे वाचायला मशीन लागत नाही, तुझ्या पट्टीवर लिहिलंय "बॉम्बे ५०००". इंग्रजीत अर्थात, कॅपिटल अक्षरांत. १-४-५ म्हणजे बी, ४-५ म्हणजे ओ, ३-४-५ म्हणजे एम, परत बी, १-२ म्हणजे ए, १-३-५ म्हणजे वाय. फक्त तिसरं भोक म्हणजे मोकळी जागा. पुढचा आकडा कसा निघाला ते सांगतो, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

ही टेलेक्सची पंच केलेली टेप. प्रत्येक आडवी रांग म्हणजे एक अक्षर आणि रांगेत पाच जागा, प्रत्येक जागी भोक आहे किंवा नाही, एवढंच. दोनाचा पाचवा घात ३२, म्हणजे सगळे मिळून ३२ प्रकार होतात. त्यात २६ इंग्रजी अक्षरं गेली, राहिले सहा. त्या सहांत एक मोकळी जागा, एक "ओळीच्या सुरुवातीला परत जा", एक "कागद एक ओळ वर सरकव", एक पूर्ण कोरं, आणि दोन राहिले ते सगळ्यात महत्त्वाचे, एक म्हणजे "इथून पुढे आकडे" आणि दुसरा म्हणजे "इथून पुढे अक्षरं". आकड्यांना आणि विरामचिन्हांना वेगळी जागाच नव्हती, तेच कोड दोनदा वापरायचे. तुझ्या पट्टीतलं १-२-४-५ म्हणजे "इथून पुढे आकडे". त्यानंतर आलेलं पाचवं एकटं भोक, जे एरवी टी असतं, ते झालं ५, आणि २-३-५, जे एरवी पी असतं, ते झालं शून्य. टाइपरायटरची वरची रांग आठव, क्यू डब्ल्यू ई आर टी वाय यू आय ओ पी, त्यावर क्रमाने १ ते ० बसवलेत.

आणि सुरुवातीला पाचही भोकांच्या रांगा का? पाचही भोकं म्हणजे "इथून पुढे अक्षरं", आणि हा कोड कितीही वेळा आला तरी कागदावर काहीच छापत नाही. त्याचा दुसरा उपयोग फार हुशारीचा होता. टेप पंच करताना चुकीचं अक्षर पडलं तर भोक काही बुजवता येत नाही, मग ऑपरेटर टेप एक घर मागे घ्यायचा आणि त्याच रांगेत पाचही भोकं पाडायचा, झाली चूक गायब. तुझ्या पट्टीत मधेच कुठे पाच भोकांची एकुलती रांग दिसली तर समज की तिथे आजोबांचं किंवा त्यांच्या ऑपरेटरचं बोट घसरलं होतं.

कोणतं अक्षर कोणत्या भोकांना द्यायचं हे उगाच ठरवलेलं नाही. पाच खुणांची मूळ कल्पना १८७० च्या दशकातली, फ्रान्सच्या एमिल बोदो यांची. मॉडेमच्या वेगाला आपण ज्याला बॉड म्हणायचो तो शब्द त्यांच्याच नावावरून आला. त्यांच्या मशीनला टाइपरायटरसारखा कीबोर्ड नव्हता, पियानोसारख्या पाच पट्ट्या होत्या, डाव्या हाताला दोन आणि उजव्या हाताला तीन, आणि ऑपरेटरला सगळे कोड पाठ असावे लागायचे. नंतर १९०१ च्या सुमारास न्यूझीलंडचे पत्रकार डोनाल्ड मरे यांनी टाइपरायटरचा कीबोर्ड जोडला आणि कोड नव्याने मांडले. इंग्रजीत जी अक्षरं जास्त येतात त्यांना कमी भोकं दिली, ई ला एकच, टी ला एकच, म्हणजे पंचिंगच्या मशीनची झीज कमी. मला हा माणूस या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात व्यवहारी वाटतो.

टेप जपून ठेव, दुमडू नकोस. एक मोठ्ठा पांढरा कागद खाली घालून उलगड.

प्रश्न (ठाण्याहून एक इंजिनिअर) : कोड कळला हो. पण पाच खुणा एका तारेवरून एकामागोमाग जातात, तर पलीकडच्या मशीनला कसं कळायचं की पहिली कोणती आणि पाचवी कोणती? त्या काळात दोन्हीकडे एकच घड्याळ तर नव्हतं.

उत्तर : प्रश्न एकदम मर्मावर आहे. टेलेक्सची सगळी गंमत इथेच आहे.

आधी एक लक्षात घ्या, लाइन जोडलेली असताना कुणी काही टाइप करत नसलं तरी तारेत करंट चालूच असतो. ही झाली विश्रांतीची अवस्था. तुम्ही की दाबली की पहिल्यांदा करंट तुटतो, वीस मिलिसेकंद, ही "स्टार्ट"ची खूण. त्यानंतर पाच खुणा, प्रत्येकी वीस मिलिसेकंद, करंट आहे किंवा नाही. शेवटी तीस मिलिसेकंद करंट परत चालू, ही "स्टॉप"ची. सगळं मिळून एका अक्षराला दीडशे मिलिसेकंद, म्हणजे मिनिटाला ४०० अक्षरं, याच्या वर नाही. लांबच्या लाइनवर करंट तोडण्याऐवजी त्याची दिशा उलटी करायचे, पण हिशोब तोच.

आता पलीकडचं मशीन. त्याची मोटर सतत फिरत असते पण छपाईची यंत्रणा क्लचने अडवून ठेवलेली असते. स्टार्टची खूण आली की इलेक्ट्रोमॅग्नेटचा पत्रा सुटतो, क्लच धरतो, आणि कॅमचा दांडा बरोब्बर एक फेरी मारायला निघतो. त्या फेरीत ठरलेल्या पाच क्षणांना तो पत्र्याकडे "बघतो" की तो आत्ता ओढलेला आहे की सुटलेला, आणि त्याप्रमाणे पाच पट्ट्या इकडे किंवा तिकडे सरकवतो. त्या पाच पट्ट्यांच्या खाचा जिथे एका रेषेत येतात तिथला एकच टाइपबार, म्हणजे टोकाला अक्षर असलेला दांडा, मोकळा होतो आणि तोच रिबनवर आपटतो. तेवढ्यात स्टॉपची खूण येते, दांडा परत अडतो, आणि पुढच्या स्टार्टची वाट बघत उभा राहतो.

लेझीम खेळताना ढोलाच्या थापेवर सगळे नव्याने पाय उचलतात ना, मग मधल्या चार पावलांत कुणी जरा पुढेमागे झालं तरी पुढच्या थापेला परत सगळे एकत्र. तसंच हे. दोन्ही मोटरींच्या वेगात एखाद-दोन टक्के फरक असला तर पाचव्या खुणेपर्यंत चूक साचते फार तर दोन-अडीच मिलिसेकंद, आणि खुणेच्या मध्यावर बघत असल्यामुळे दोन्हीकडे दहा-दहा मिलिसेकंदांची मोकळीक असते. पुढच्या अक्षराला सगळं शून्यापासून सुरू. म्हणून तर मुंबईची मोटर आणि हॅम्बर्गची मोटर एकमेकींना न विचारता एका तालात चालायच्या.

आणि हे बघा, लाइनवरून येणारा करंट टाइपबार आपटवत नाही, त्यात तेवढा जोरच नाही. तो फक्त "आता" आणि "हे" एवढंच सांगतो. आपटायची ताकद त्या खोलीतल्या मोटरची. तुम्ही मुंबईत बोट ठेवलं आणि हॅम्बर्गच्या मशीनने स्वतःच्या विजेवर ते अक्षर उमटवलं, तेही त्याच क्षणी. मधे कुठे साठवणं नाही, "सेंड" नाही. तुमच्या मशीनवरही तेच अक्षर उमटायचं, दोन रंगांची रिबन असली तर आपलं लाल आणि समोरच्याचं काळं.

प्रश्न (नाशिकहून) : मग ऑपरेटर हळू टाइप करणारा असेल तर?

उत्तर : तर बिल वाढायचं! टेलेक्सला तारेसारखे शब्दागणिक पैसे नव्हते, जोडणी किती वेळ चालू आणि किती लांब, यावर पैसे. म्हणून तर टेप. लाइन न जोडता आधी आरामात टेप पंच करायची, वाचून बघायची, साहेबाला दाखवायची, मग नंबर लावायचा आणि टेप ट्रान्समीटरला लावून द्यायची, ती मिनिटाला ४०० च्या पूर्ण वेगाने सरसर निघून जायची. चांगल्यात चांगला टायपिस्ट हा वेग सतत ठेवू शकत नाही. परदेशी कॉल असेल तर टेप न करता बसणाऱ्याला बोलणी बसायची.

प्रश्न (डोंबिवलीहून एक गृहिणी) : बाबांच्या मुंबईच्या ऑफिसच्या जुन्या लेटरहेडवर "टेलेक्स : ०११" असा नंबर आहे. ०११ तर दिल्लीचा कोड. त्यांचं दिल्लीत ऑफिस नव्हतं. छापणाऱ्याची चूक का?

उत्तर : नाही ताई, बरोबर छापलंय. ०११ हा टेलिफोनचा दिल्लीचा एसटीडी कोड. टेलेक्सचं जाळं टेलिफोनपासून पूर्ण वेगळं होतं, एक्स्चेंज वेगळी, नंबर वेगळे आणि कोडही वेगळे. तिथे मुंबई ०११, कलकत्ता ०२१, दिल्ली ०३१ आणि मद्रास ०४१. परदेशातून भारताला टेलेक्स करायचा तर देशाचा कोड ८१, जो फोनवर जपानचा आहे. जुन्या लेटरहेडवरचे नंबर बघून असे गोंधळ नेहमी होतात, एकाने तर मला पैज लावायला बोलावलं होतं.

आपल्याकडे टेलेक्स सुरू झाला १९६३ साली. त्याआधी १९६० मध्ये मद्रासला हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स ही सरकारी कंपनी निघाली, इटलीच्या ऑलिवेट्टीच्या सहकार्याने, आणि पुढे भारतातल्या ऑफिसांत दिसणारी बरीचशी मशीनं तिथलीच.

जाळं वेगळं म्हणजे तारा अगदी वेगळ्या खांबांवरून जायच्या असं नाही हां. दोन शहरांमधे टेलिफोनच्याच एका लाइनवर वेगवेगळ्या सुरांच्या २४ टेलिग्राफ लाइनी बसवायचे, प्रत्येक सूर शेजारच्यापासून १२० हर्ट्झ लांब, पलीकडे गाळण्या लावून परत वेगळ्या करायच्या. एका माणसाला बोलायला जेवढी जागा लागते तेवढ्यात २४ टेलेक्स. फोनची ट्रंक लाइन मिळायला तासन्‌तास लागायचे त्या काळात टेलेक्स का पटकन लागायचा, त्याचं एक कारण हे.

प्रश्न (इचलकरंजीहून एक निवृत्त कापड व्यापारी) : आमच्याकडे टेलेक्स रात्री बंद ऑफिसात यायचे. कुणी उचलणारा नाही. तरी समोरची पार्टी छातीठोक म्हणायची की तुम्हाला पोचलाय, आणि कोर्टातसुद्धा ते चालायचं म्हणतात. हे कशाच्या जोरावर?

उत्तर : आन्सरबॅकच्या जोरावर, साहेब. या मशीनमधली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच, असं माझं मत.

प्रत्येक टेलेक्स मशीनच्या पोटात एक छोटा ड्रम असायचा, त्याच्यावर वीस अक्षरांची जागा. मशीन बसवताना त्या ड्रमचे दाते तोडून तुमचा नंबर, कंपनीचं छोटं नाव आणि शेवटी देशाची खूण, आपली "आय एन", असं कायमचं कोरून टाकायचे. ऑपरेटरला ते बदलता येत नसे.

आता समोरच्याने तुमचा नंबर लावला. एक्स्चेंजने जोडून दिलं की तुमची मोटर आपोआप सुरू. मग तो "तू कोण?" अशी एक खास की दाबतो, ती म्हणजे आकड्यांच्या बाजूला डी, म्हणजे "इथून पुढे आकडे" नंतर आलेला डी चा कोड. हा कोड आला की तुमच्या मशीनचा ड्रम स्वतःहून एक फेरी फिरतो आणि वीस अक्षरं उलटी लाइनवर पाठवतो. माणूस नको, किल्ली नको, रात्रीचे तीन वाजले तरी चालतं. ती त्याच्या कागदावर छापली जातात. मग तो स्वतःचं नाव पाठवतो, मजकूर पाठवतो, आणि संपल्यावर परत एकदा "तू कोण?" विचारतो. मजकुराच्या आधी आणि नंतर, दोन्ही ठिकाणी तुमचंच नाव उमटलं असेल तर मधे लाइन तुटलेली नाही आणि कागद तुमच्याच मशीनवर निघालाय, हा त्याचा पुरावा. त्यात एकच फट होती, तुमच्या मशीनमधला कागद संपला असेल तर. म्हणून कागदाच्या रोलकडे लक्ष ठेवणं हे शिपायाचं काम असायचं आणि संध्याकाळी ऑफिस बंद करताना ते तपासायची पद्धत होती.

लाइन लागली नाही तर एक्स्चेंज दोन-तीन अक्षरी उत्तर छापायचं. ओ सी सी म्हणजे समोरचा बिझी, डी ई आर म्हणजे त्याचं मशीन बिघडलंय, एन सी म्हणजे मधे लाइन मोकळी नाही, ए बी एस म्हणजे ऑफिस बंद, एम ओ एम म्हणजे थांबा. आणि दोन्हीकडे माणसं बसलेली असली तर गप्पाच. एका वेळी एकानेच टाइप करायचं, दोघांनी केलं की कागदावर खिचडी, म्हणून आपलं झालं की "जी ए", म्हणजे आता तुम्ही बोला. निघताना "बी आय बी आय", म्हणजे बाय बाय. आत्ताची मुलं मेसेजमध्ये शब्द तोडून लिहितात म्हणून आपण नाकं मुरडतो, पण परदेशी मिनिटाला पैसे मोजणाऱ्यांनी ते कधीच करून ठेवलेलं.

कोर्टाचं म्हणाल तर इंग्लंडमधला १९५५ चा निकाल प्रसिद्ध आहे. लंडनच्या कंपनीने ॲमस्टरडॅमला टेलेक्सवर ऑफर दिली, १०० टन तांब्याच्या कॅथोडची, तिकडून टेलेक्सवरच होकार आला. प्रश्न पडला की करार झाला कुठे, होकार जिथून निघाला तिथे की जिथे उमटला तिथे? न्यायमूर्ती डेनिंग यांनी सांगितलं, जिथे उमटला तिथे, म्हणजे लंडनमध्ये. पत्राचा नियम वेगळा, पत्र पेटीत टाकलं की होकार पूर्ण, पण टेलेक्स हे समोरासमोर बोलल्यासारखं आहे. आपल्या सुप्रीम कोर्टापुढे १९६५ मध्ये असाच वाद आला, तो फोनवरच्या सौद्याचा. घेणारे अहमदाबादचे, देणारी आपल्या खामगावची जिनिंग फॅक्टरी, आणि माल काय तर सरकी पेंड! होकार खामगावहून फोनवर दिला, अहमदाबादला ऐकला गेला. कोर्टाने लंडनच्या त्या निकालाचा विचार करून बहुमताने ठरवलं की करार अहमदाबादला झाला, न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचं मत मात्र वेगळं होतं. तुमच्यासारख्या व्यापाऱ्याला याचा अर्थ सरळ आहे, भांडण झालं तर दावा कुठल्या गावच्या कोर्टात लढायचा, ते यावर ठरतं.

प्रश्न (कोल्हापूरहून, वडिलांची फाउंड्री) : बाबा सांगतात की टेलेक्समध्ये रक्कम नेहमी दोनदा लिहायचे, एकदा मजकुरात आणि परत सगळ्यात शेवटी. का?

उत्तर : वरचं पहिलं उत्तर वाचलंत का? "इथून पुढे आकडे" म्हणजे १-२-४-५, आणि "इथून पुढे अक्षरं" म्हणजे पाचही. दोघांत फरक फक्त तिसऱ्या खुणेचा! लाइनवर एक कडकड झाली, तिसरी खूण उलटी पडली, की आकडे सुरू व्हायच्या ऐवजी अक्षरंच चालू राहतात. मग ५००० च्या जागी छापलं जातं टी पी पी पी. हे निदान दिसतं तरी, अनुभवी ऑपरेटर वरची रांग बघून मनातल्या मनात परत आकडे करायचा. खरी भीती वेगळी, आकड्यातलीच एखादी खूण बदलली तर ५ चा दुसराच आकडा होईल आणि तो अगदी खरा वाटेल. शब्दात चूक झाली तर अर्थावरून कळते, आकड्याला अर्थ कुठला? मशीन स्वतः काहीच तपासत नव्हतं, पाच खुणा आल्या की छाप, बस्स. म्हणून शेवटी "कोल", म्हणजे पडताळणी, असं लिहून सगळे आकडे, भाव, तारखा परत एकदा पाठवायची रीत पडली, दोन्ही जुळले तर बरोबर.

वायरलेसवरून समुद्रापार जाणाऱ्या टेलेक्सला हे परवडणारं नव्हतं, तिथे खरखर फार. हॉलंडच्या व्हान ड्यूरेन यांनी त्यावर उपाय काढला तो मला आजही मजेदार वाटतो. पाचाऐवजी सात खुणा घ्यायच्या, आणि फक्त तेच कोड वापरायचे ज्यात तीन खुणा एका जातीच्या आणि चार दुसऱ्या जातीच्या. असे बरोब्बर ३५ प्रकार होतात, म्हणजे आपले ३२ बसून थोडे उरतात. पलीकडच्या यंत्राने फक्त मोजायचं, तीन-चार भरले नाहीत की खराब, लगेच उलटा निरोप, परत पाठव. कागदावर चूक उमटायच्या आधीच दुरुस्त.

प्रश्न (सोलापूरहून, पूर्वी एका मराठी दैनिकात उपसंपादक) : आमच्याकडे पीटीआय या वृत्तसंस्थेचं मशीन दिवसरात्र खडखडायचं, पण त्याला डायल कधी पाहिला नाही. आणि मोठी बातमी आली की घंटा वाजायची. तोही टेलेक्सच का? आणि देवनागरीत का नव्हता?

उत्तर : मशीन त्याच जातीचं, जाळं निराळं. तुमचा टेलिप्रिंटर भाड्याच्या कायमच्या लाइनवर बसलेला, त्याला कुणाला फोन लावायचाच नव्हता. एजन्सीच्या ऑफिसात एक टेप चालली की लाइनीवरच्या सगळ्या वर्तमानपत्रांत एकदम तेच अक्षर उमटायचं. तुमच्याकडे कागद फाटला म्हणून ती थांबणार नाही, गेलेली बातमी गेली. आणि घंटा हे एक अक्षरच आहे, आकड्यांच्या बाजूला जे, ते आलं की काही छापण्याऐवजी आतली घंटा टण्‌ करते. एजन्सीवाले महत्त्वाच्या बातमीआधी ते चार-पाच वेळा मारायचे. मोकळ्या वेळात मशीन नीट चालतंय का बघायला आर वाय आर वाय आर वाय अशी न संपणारी रांग यायची तीही तुम्ही पाहिली असेल. आर म्हणजे २-४ आणि वाय म्हणजे १-३-५, एकात जिथे भोक तिथे दुसऱ्यात नाही, त्यामुळे पाचही पट्ट्यांना प्रत्येक अक्षराला इकडून तिकडे जावं लागतं. मशीनचा दम काढायचा याहून सोपा मार्ग नाही.

देवनागरी टेलिप्रिंटर होते, मद्रासच्याच कंपनीने बनवले आणि हिंदी बातम्यांसाठी ते चालले. पण मराठी दैनिकांत मुख्य माल इंग्रजीतच यायचा, आणि तुम्ही मंडळी रात्री अकराला तो फाडून घेऊन उभ्या उभ्या मराठी करत बसायचात. व्यापाऱ्यांच्या टेलेक्सवर तर मराठी रोमनमध्येच, तेही सगळं कॅपिटल, त्यामुळे त आणि ट, न आणि ण सगळे एका घरात. आडनावं वाचताना मजा यायची.

प्रश्न (न्यू जर्सीहून, कर्णबधिर मुलांच्या शाळेत काम केलेल्या एक वाचक) : आमच्याकडे फोनचा रिसीव्हर ठेवायचं टाइपिंगचं यंत्र होतं, टीटीवाय म्हणायचे. तेही "जी ए" लिहायचे! याचा तुमच्या टेलेक्सशी संबंध आहे का?

उत्तर : सख्खं नातं आहे. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्ट वाइटब्रेख्त या भौतिकशास्त्रज्ञाने, जे स्वतः कर्णबधिर होते, जुनी टाकाऊ टेलिप्रिंटर मशीनं साध्या फोनवर चालवायची युक्ती काढली. पाच खुणांचा तोच कोड, फक्त करंट असणं-नसणं याच्या ऐवजी दोन सूर, १४०० आणि १८०० हर्ट्झ, आणि वेग जरा कमी, ४५.४५ बॉड, म्हणजे सेकंदाला तेवढ्या खुणा, टेलेक्सच्या ५० होत्या. रिसीव्हर रबरी कपांवर ठेवला की सूर ऐकून अक्षरं. ऐकणाऱ्यांच्या ऑफिसांतून भंगारात निघालेल्या मशीनांनी ऐकू न येणाऱ्यांना फोन मिळवून दिला. माझ्या मते टेलिप्रिंटरने केलेलं सगळ्यात मोठं काम हेच, व्यापारबिपार नंतर.

प्रश्न (पुण्याहून) : जुन्या बाजारात क्रीड या ब्रिटिश कंपनीचं टेलिप्रिंटर मशीन मिळालंय. चालू होईल का? टेलिफोनच्या लाइनला जोडू का?

उत्तर : टेलिफोनच्या लाइनला अजिबात नको. याला वेगळा पुरवठा लागतो, २० ते ६० मिलिअँपिअरचा स्थिर करंट, आणि तो द्यायला बरंच व्होल्टेज लावतात, झटका जोरदार बसतो. आधी मोटर सोडून सगळं हाताने फिरवून बघा. वर्षानुवर्षं पडलेल्या मशीनमध्ये जुनं तेल गोंदासारखं झालेलं असतं, ते रॉकेलने धुऊन काढल्याशिवाय वीज देऊ नका नाहीतर कॅमचे दाते जातील. टेप पंचर जोडलेला असेल तर त्याच्या खालचा डबा आधी रिकामा करा, भोकांच्या टिकल्या आत गेल्या की शोधून सापडत नाहीत. मोटरच्या गव्हर्नरवर, म्हणजे वेग आवरणाऱ्या भागावर, काळे-पांढरे पट्टे दिसतील, त्यांच्याकडे खास झडपांच्या ट्युनिंग फोर्कमधून बघायचं असतं, पट्टे स्थिर दिसले की वेग बरोबर. तो फोर्क मशीनबरोबर मिळालाय का ते दुकानदाराला आजच विचारा, नंतर तो वेगळा मिळणं कठीण.